नायिका फोनला शिवत नाही

हॅलो? … हॅलो! मोठ्याने बोल, नुसती खरखर येतेय… कोण? माधव? उर्मिलाच्या कॉलेजातला? दादरचा? … हो, हो, मी तिच्या शेजारची दुर्गामावशीच. फोन माझा, मग उचलणार कोण?

उर्मिलाला? … नाही, ती फोनवर नाही येऊ शकत. … आहे रे, इथेच आहे. माझ्या दारासमोर, गॅलरीच्या कोपऱ्यात, तरटावर. … आजारी? छे! खणखणीत आहे. मांडीवर इंटरचं पुस्तक आणि पुस्तकाच्या आड तुमच्या त्या सिनेमाचे कागद. मला काय दिसत नाही होय? … मग का म्हणजे? नाही येऊ शकत, झालं! परवापर्यंत तिने कशाला हात लावायचा नाही. … भांडण? कसलं भांडण? … अरे देवा! माधवा, तुला बहीण आहे ना? ती नाही बसत का महिन्यातून चार दिवस बाजूला? … हां! कळलं एकदाचं. … बास, बास, आता माफी नको मागत बसू. काम बोल. स्टोव्हवर माझं सरंग्याचं भोजाणं आहे. हरताळात वरळीची कोळीण मागच्या गल्लीने लपतछपत आली, म्हणून मासा मिळालाय.

गुणाजी? कोण गुणाजी? … स्टुडिओचा माणूस? ट्राम बंद म्हणून परळहून तुझ्या दारात चालत आला? … आणि शेवटचा सीन आत्ता हातात दिला नाही तर शेठ दुसऱ्याची गोष्ट घेणार? … वर्षभर लिहिताय? आणि अभ्यास कोण करणार रे गाढवांनो, शेठ? … बरं बरं, ऐकतेय.

म्हणजे तू हीरोचं बोलणं सांगणार, मी ते हिला ओरडून सांगायचं. ही हिरॉईनचं उत्तर देणार, मी ते तुला. असं लिहिता तुम्ही? हीरोचं तू, हिरॉईनचं ही, आणि एकमेकांच्या वाक्याला हात लावायचा नाही? … अरे वा! तुमच्यातही सोवळंओवळं आहे म्हणायचं.

चल, सांग. … गोष्ट ठाऊक आहे मला. ही मोठमोठ्याने वाचते, आख्ख्या माळ्याला पाठ झालीय. दोघं सत्याग्रहात पकडली जातात, हवालदार घाईघाईत त्यांना नवरा-बायको म्हणून लिहून टाकतो. मग सुटतात, तुरुंगाच्या फाटकाबाहेर येतात, आणि हीरो म्हणतो…? … काय? … पुन्हा सांग.

उर्मिलेऽ! तुझा हीरो म्हणतो, "बरंय, येतो!"

… माधवा, ती कपाळाला हात लावून बसलीय. … अरे, वाण्याच्या दुकानातून निघालाय का तो? सबंध सिनेमाभर तिच्यापायी झुरला, आणि बरंय, येतो? … ही म्हणते, हीरो नीट विचारत नाही तोवर हिरॉईन तोंड उघडणार नाही. … काय? हिरॉईनच्या मनात काय आहे ते आधी कळलं तर तो विचारेल? शहाणाच आहे! थांब. उर्मिले, ऐकलंस? … अगं, मोठ्याने बोल.

ही म्हणते, हीरोला सांगा, हिरॉईनला रविवारी बघायला येतायत.

अगं, हे सिनेमात कधी घातलंस? … अं? … माधवा… सिनेमात नाहीये ते. खरंच येतायत. हिला. आमच्या प्रभू ज्ञातीतलेच, गिरगावातले. मुलगा सॉलिसिटरकडे आहे. स्थळ मीच सुचवलंय! … हॅलो? … गेलास का? … आहेस. मग नुसते सुस्कारे काय सोडतोस, बोल की! गुणाजीला पाणी दे, बसव, आणि बोल.

हां… हां… सावकाश… अरे, हे काय? यात तुरुंग कुठे गेला? … कुठली लायब्ररी? वेणीला शाई? … तेव्हापासून? … माधवा, हे हीरोचं सांगतोयस की…

असं.

असं होय रे.

… नाही. हे मी नाही सांगणार तिला. … रागावले नाहीये! सरंगा करपतोय, वास येतोय, तरी इथे उभी आहे, त्यावरून समज. … अरे, मला कोणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी ठरवलं, मी बोहल्यावर उभी राहिले. सगळं चांगलं झालं, तक्रार नाही. पण कोणी विचारलं असतं ना, तर फार बरं वाटलं असतं. म्हणून म्हणते, असलं दुसऱ्याच्या तोंडून नको. … जात? ते नंतर. तिच्या आईला मी बघून घेते. … सॉलिसिटरवाल्याला आमच्या शेजारी का दुसऱ्या मुली नाहीत?

थांब, ठेवू नकोस.

उर्मिले, ये इकडे. … ये म्हणते ना! … हो, आत. दिवाणखान्यात. … शिवलीस तर शिवलीस. फोन म्हणजे काय देव्हारा आहे? धर. … अगं, घाबरतेस काय, धर! … उलटा नाही, हे तोंडाशी. … मी चालले माझ्या सरंग्याकडे.

… … हॅलो? माधव? … हो, मीच. उर्मिला. … हो, हातात धरलाय. … सांग ना. मावशी आत गेल्या. … गेल्या रे, दाराआड उभ्या आहेत फक्त.

… …

… हो.

… अरे, हो म्हणाले ना! … नाही, हिरॉईन नाही. मी! … रडत नाहीये. … आईला? मावशी सांगणार आहेत, हातवारे करतायत दाराआडून. … गुणाजी? अगंबाई, तो अजून उभाच आहे? … मग लिही की हेच. फाटकाबाहेर हीरो विचारतो, आणि ती म्हणते, हो. … एवढंच. हिरॉईनचं वाक्य आहे माधव, तू त्याला हात लावायचा नाहीस! … ठेवते. मावशी, सरंगा जळतोय हो!