उशाशी ओली भिंत

...म्हणजे आम्ही श्वास घेतो म्हणून भिंत ओली होते, असं घरमालकाचं म्हणणं. आता बोला. तुम्हाला सांगतो, एमडेनच्या गोदीत तीस वर्षं वेल्डिंग केलं, पण श्वासाबद्दल कुणी बोल लावला नव्हता. माझ्या बायकोच्या, थेडाच्या उशाशी भिंतीवर काळी बुरशी, ती खोकून खोकून बेजार, आणि हे ब्रोकमनसाहेब दारात उभे राहून सांगतात, "हार्म्स, हवा खेळती ठेवा."

ठेवली. ऐन नोव्हेंबरात दिवसातून चार वेळा खिडक्या सताड, थेडा पलंगावर दोन कोट घालून बसलेली, भिंत ओलीच. मग साहेबांनी दमटपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र आणून खिळ्याला टांगलं. काटा एकाहत्तरवर. "चहा फार उकळता तुम्ही." चहा? जिथं लोक पाण्याऐवजी चहाच पितात त्या एमडेनमध्ये राहून हा माणूस मला चहा कमी कर म्हणतो? वर पत्र आलं, बुरशी गेली नाही तर घर सोडा, आणि खाली पुन्हा, हवा खेळती ठेवा.

शेवटी भाडेकरू संघटनेनं रोलेफ्सबाईंना पाठवलं. हवामान खात्यात हयात गेलेली बाई. त्यांनी दोन थर्मामीटर काढले, एकाच्या टोकाला ओलं फडकं, आणि लागल्या गरागरा फिरवायला. "हवा जितकी कोरडी तितकं फडकं भरभर वाळतं, आणि तितका हा पारा खाली उतरतो." आकडे ताडून पाहिले, पन्नास टक्के. मग साहेबांचं यंत्र खिडकीबाहेर धुक्यात धरलं, एकाहत्तर. शेगडीपाशी धरलं, एकाहत्तर. काटा अडकलेला, आणि त्या काट्यावर आमचं घर जाणार होतं!

"मग भिंत ओली का?" मी विचारलं. त्यांनी भिंतीला थर्मामीटर टेकवला. आठ अंश. "गार हवेत वाफ कमी मावते. खोलीतली हवा इथं येऊन गारठते आणि पाणी टाकते. पण भिंत एवढी गार कशानं, ते बाहेरून बघा."

शिडी लावून चढलो तर छपराची पन्हळ फुटलेली, पावसाचं सगळं पाणी विटांमध्ये, म्हणून भिंत गार.

बाईंनी अहवाल धाडला, पन्हळ बदलली, मे महिन्यात भिंत सुकली, थेडाचा खोकला थांबला. साहेब पाहायला आले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणतात, "पाहिलंत? माझं ऐकलंत, हवा खेळती ठेवलीत..."

मी तोंड उघडलं. थेडानं टेबलाखालून माझा पाय दाबला. एवढ्या भाड्यात गावात दुसरं घर नाही हो... मिटलं तोंड.