भिंतीवरची तुटक रेघ

न्हाई न्हाई, उठू नका कोंडीबा, बसा — ते स्टूल डगमगतं, या डब्यावर बसा, रिकामाच हाये, रंग लागत न्हाई — डोंगरकड्याहून हिंगोली, हिंगोलीहून जीपनं इथं गोरेगावात, या वयात, वरून हे ऊन, पाणी तरी प्या. तर काय म्हणून राहिलो होतो मी? हां. तुमच्या लेकीचा, करुणा मॅडमचा, माज्या मनात काडीचा राग न्हाई. राग काहून असन? बावीस वर्सं झाली मला शाळांच्या भिंती रंगवायला — पाढे, बाराखडी, फळांची नावं, सूर्यमाला — पण पेंटरला खुर्ची देणारी मॅडम एकच पाहिली. "नामाजी काका, आधी चहा घ्या, मंग शिडीवर चढा." अशी बाई! सस्पेंड झाली म्हून ऐकलं तवा दोन दिवस भाकर उतरली न्हाई घशाखाली, आमच्या घरच्या चांगुणाबाईला इचारा पाहिजे तर. आन् तुमी आणलेला हा कागद बी म्या वाचला, सावकाश वाचला. मॅडमनी मला पुस्तकातला नकाशा काढायला सांगितला होता, भिंतीवर जे झालं ती माझी चूक — खाली माजं नाव, सहीला जागा. दोनच ओळी हायेत, दिसतंय मला. पण आधी माजं ऐकून तर घ्या.

सगळे चूक चूक म्हणून राहिले, चूक झाली कशी ते कोणी इचारत न्हाई. शाळेची रस्त्याकडची भिंत, तिच्यावर भारताचा नकाशा पाहिजे, सव्वीस जानेवारीच्या आत पाहिजे. आता पोपट काढला आन् चोच जरा वाकडी गेली तर लेकरं हसतील, मिटलं. नकाशाचं तसं न्हाई. म्हून म्या मोबाईलमधला नकाशा घेतला, आजकाल सगळे तोच बगतात — जीपवाला बगतो, कुरिअरवाला बगतो — सोळा तुकडे करून झेरॉक्सवाल्याकडून मोठे छापून आणले, चिकटवले, रेघेरेघेनं सुईची भोकं पाडली, कागद भिंतीला लावून वरून निळीची पुरचुंडी आपटली. रेघ जशीच्या तशी भिंतीवर उतरते. याला डोकं लागत न्हाई, हात लागतो. आन् वरच्या अंगाला, काश्मीरपाशी, तिकडं उगवतीला बी, रेघ तुटक होती. मला काय वाटलं सांगू? हसू नका. मला वाटलं तिथं बर्फ असतोय, डोंगर असतोय, मोजायचं काम अजून राहिलं असन — रस्ता अर्धा झाला की नकाशात तुटक दाखवतात, तसं. तर म्या तुटक रेघ तुटकच काढली. पट्टी लावून काढली हो! एकेक तुकडा बराबर बोटाएवढा, मधली जागा बी बोटाएवढी. शिडीवरून उतरून लांब जाऊन पाहिलं आन् स्वतःलाच शाबासकी दिली. आग लागो त्या शाबासकीला.

पुढचं तुमाला ठाऊकच हाये. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, मॅडमनी माईकवरून माजं नाव घेतलं, मला शाल दिली — आन् दुसऱ्या दिवशी आमच्या इथल्या प्रभू नावाच्या पोरानं त्या नकाशापुढं फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. झालं! कोणीतरी बोटानं मोठं करून पाहिलं, लाल गोल केला, लिहिलं, शाळेनं देशाचा मुकुट तोडला. संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठून कुठं गेला. सकाळी शाळेपुढं माणसं, त्यातली निम्मी मी कधी पाहिलेली न्हाई. कोण काय बोललं ते तुमच्यापुढं बोलत न्हाई मी. मॅडमच्या नकाशावर कमी आन् मॅडमच्या आडनावावरच जास्त बोलत होते. मी तिथंच होतो, हातात ब्रश होता. पोलीस आले तवा म्हणलं, साहेब, पाच मिन्टं द्या, पाच मिन्टात रेघ जोडतो, डबा उघडाच हाये. तर म्हणे हात लावायचा न्हाई, पंचनामा झालाय, आता ही भिंत पुरावा हाये. भिंत पुरावा! वरून ताडपत्री बांधली. आता रोज त्या रस्त्यानं जातो, वारा आला की ताडपत्री उचलते, खाली माजेच ते तुकडे दिसतात — आन् मी काही करू शकत न्हाई. इतकी लहान गोष्ट कोंडीबा, बोटभर जागा भरायची, आन् जगात कोणी भरू देईना.

आन् माजं म्हणणं हाये ती नकाशाची कंपनीच खोटी. व्हय, म्या तपासून पाहिलं ना. हे बगा, चष्मा लावा, हा माजा मोबाईल, हा नकाशा, आता इथं वर बोटानं असं मोठं करा — बगा. रेघ सलग हाये का न्हाई? कुठं तुटली? कुठंच न्हाई. आपल्या पुस्तकात हाये तशीच, मुकुटासकट अख्खी. मंग सांगा, यात नामाजीचा काय दोष? …असे काहून बगून राहिले माज्याकडं?

व्हय. बराबर हाये तुमचं. माज्या मोबाईलवर सलग हाये तर तुटक आली कुठून. आतापर्यंत कोणाच्या ध्यानात न्हाई आलं, तुमच्या आलं. आता काय लपवायचं. पोरीनं पाठवला. राजनंदिनीनं, आमच्या — ती तिकडं जर्मनीत हाये ना, दवाखान्यात, नर्स. माज्या मोबाईलची काच तवा फुटलेली होती, काही दिसत नव्हतं धड, म्हून तिला म्हणलं माय, तुज्या कम्प्युटरवरचा मोठा नकाशा पाठव. लेकरानं ड्युटीवरून येऊन, पाय दुखत असताना, सोळा फोटो काढून पाठवले. तिच्या इथं तो तुटक दिसतो! गोंधळ झाल्यावर आमी दोघं व्हिडिओवर बसलो, तिनं तिचा कम्प्युटर दाखवला, म्या माजा मोबाईल — कंपनी तीच, नकाशा तोच, माज्याकडं सलग, तिच्याकडं तुटक. मी म्हणलं, माय, यातला खरा कोणता? ती म्हणे, बाबा, तो ज्या देशात उघडला त्या देशाचं ऐकतो. भारतात उघडला की आपल्या कायद्यापरमानं पूर्ण दाखवतो, शेजारच्या देशात उघडला की त्यांच्या म्हणण्यापरमानं, आन् लांबच्या लोकांना तुटक दाखवतो, म्हंजे भांडण चालू हाये, आमी मधी न्हाई. आता बोला! सोयरीक जुळवणारा माणूस कसा पोराकडच्यांना एक सांगतो आन् पोरीकडच्यांना एक, तसलं हे. दोन्हीकडं जेवून मोकळा. त्याला कोणी धरलं? त्याच्यावर ताडपत्री टाकली? एवढी मोठी कंपनी कोणाशीच खोटं बोलत न्हाई म्हणे, ज्याला जे पाहिजे ते दाखवते — आन् आमच्याकडं भिंत एकच. भिंत काही माणूस पाहून रेघ बदलत न्हाई.

पण मॅडमनी पुस्तक दिलं होतं. व्हय. दिलं होतं. सरपंचानं इचारलं तवा पुस्तकाचं आठवत न्हाई म्हणलो, ते खोटं होतं. त्या तिथं रंगाच्या पेटीत हाये, चौथीचं का पाचवीचं, नकाशाच्या पानात मॅडमनी कागदाची पट्टी घालून दिली होती. म्हणल्या, "काका, यातलाच काढा हां, मोबाईलमधला नको, त्यात भानगडी असतात." ठाऊक होतं त्या माउलीला! आन् मी? मला दिसलं न्हाई, कोंडीबा. या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. तळहाताएवढा तो नकाशा, त्याच्यावर चौकटी आखायच्या, एकेक चौकट भिंतीवर मोठी करायची — दोनदा बसलो, दोनदा महाराष्ट्रच सापडेना. मॅडमला कसं सांगू की पेंटरला दिसत न्हाई? शाळेशाळेत बोभाटा झाला असता, उद्यापासून कोण बोलावणार? म्हून गुपचूप पोरीला फोन केला. हे बायकोला बी ठाऊक न्हाई. तुमाला सांगून बसलो.

आन् आता एवढं ऐकलं तर पुढचंबी ऐका, म्हंजे शिव्या द्यायच्या तर एकदाच द्या. तुमाला वाटत असन नामाजी नुसता गप बसला. गप बसलो असतो तर बरं होतं. ठाण्यात साहेबानं इचारलं, नकाशा मॅडमनंच दिला ना? तो म्हणे, बोल, का तू तुज्या मनानं कुठून आणला? आणला असन तर मोबाईल दे, कोणी पाठवला ते काढतो आमी. कोणी पाठवला ते काढतो! मला माजी राजनंदिनी दिसली हो, पांढऱ्या कपड्यात, दवाखान्याच्या दारात. मी मान हलवली. व्हय म्हणलो. "मॅडमनंच दिला." त्यानं लिहून घेतलं, म्या सही केली. ती सही आधीच झालीय कोंडीबा, म्हून तुमच्या या कागदावर दुसरी करायची म्हंजे — ध्यानात येऊन राहिलं ना? तवा खोटं बोललो की आता खोटं बोलून राहिलो, पहिलं तेच इचारतील. आन् दुसरं इचारतील, मॅडमनं पुस्तक दिलं तर मंग नकाशा कुठला? मंग पोरीचं नाव. गावातला देविदास म्हणतो, एकदा का असल्या केसमधी नाव आलं की पासपोर्ट अडकतो, तिकडचे बी काढून टाकतात, इकडं आली की विमानतळावरच धरतात. देविदासला काय कळतं, तो दस्तलेखकाच्या टेबलापाशी बसतो नुसता — पण खरं असलं तर? तुमी सांगा, खरं असलं तर मी काय करू?

तुमची लेक बी लेकच हाये. मला कळतं ते. तुमी मजुरी करून शिकवली, सगळ्या गावाला ठाऊक हाये. नोकरी गेली तर तिचं काय, आन् नोकरी ऱ्हायली तरी ते लोक तोंडावर जे बोलले ते काय पुसणार हाये? मी रडत न्हाई, हा टर्पेंटाईनचा वास डोळ्यात जातो. तुमी नुसते त्या कागदाकडं बगता आन् माज्याकडं बगता. मारा पाहिजे तर. पेन पुढं करू नका. कोंडीबा, पाया पडतो, पेन नका पुढं करू — माज्यानं होणार न्हाई. मला ठाऊक हाये बराबर काय हाये, आन् माज्यानं ते होत न्हाई. घ्या हा कागद. पुस्तक बी घेऊन जा पाहिजे तर, पेटीत हाये, पट्टी तशीच हाये पानात. पण नामाजीनं दिलं असं कुठं म्हणू नका. म्हणलात तर मी न्हाई म्हणन. आधीच सांगून ठेवतो. जा तुमी आता. जीप भरली की निघते, मंग तासभर दुसरी न्हाई. जा.

थांबा, फोन — तिचाच हाये. आवाज करू नका, तुमच्या पाया पडतो, एक शब्द बोलू नका — हां माय, बोल गं. व्हय, जेवलो. दुकानातच हाये. न्हाई गं, इथं काही न्हाई, शाळेचं मिटलं सगळं, मॅडम बी बरी हाये… आवाज? बसलाय जरा, धूळ हाये ना. कोण? न्हाई माय. कोणी न्हाई आलेलं. एकटाच बसलोय.