वीसच्या वीस, बोडक्या!

हसा, हसून घ्या! एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, अंगात शिकारीचं नारिंगी जाकीट, बुटांना चिखल, आणि उभा कुठं, तर बायकांच्या नेलपॉलिशच्या फळीपुढं! हातात तीन बाटल्या, एक आकाशी, एक गडद निळी, आणि एक त्या दोघींच्या मधली कुठली तरी... मघाशी एक बाई गाडी ढकलत आली, मला बघितलं आणि तशीच मागं वळली. आता मी काय चावतो की काय? पण मी चिडलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो. डेल्मरवर तर मुळीच नाही. डेल्मर म्हणजे माझा चाळीस वर्षांचा दोस्त, सख्ख्या भावापेक्षा जवळचा, आणि त्या जवळच्या माणसानं माझा असा गळा... नको. पहिल्यापासून सांगतो, थांबा जरा, तुमचं आइस्क्रीम वितळत नाही एवढ्यात.

तर गेल्या वर्षीचा ऑगस्ट. एल्कच्या, म्हणजे त्या थोरल्या सांबराच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला आणि सगळ्या वायोमिंगात आमच्या मापाची काडतुसं औषधाला मिळेनात! दुकानदार म्हणतो, "ऑर्व्हिल, नोव्हेंबरात येतील." अरे, नोव्हेंबरापर्यंत एल्क काय माझी वाट बघत बसणार आहे? तणतणत घरी आलो, तर व्हर्ना, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, गोधडीतून मान वर न काढता म्हणते, "तळघरात तुझ्या बाबांचं ते यंत्र पंधरा वर्षं धूळ खातंय. एक तर वापर, नाही तर उचल, मला तिथं कपाट ठेवायचंय."

गेलो खाली. चादर काढली. आणि तुम्हाला सांगतो... बाबांचा काडतुसं भरायचा प्रेस! हिरवा रंग उडालेला, दांड्यावर जिथं बाबांचा हात बसायचा तिथं लोखंड गुळगुळीत झालेलं. मी सहज दांडा खाली ओढला. खट्! तो आवाज ऐकला आणि काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच आलं. मी हे सोडलं तरी कशाला होतं हो? आळस, दुसरं काय! दुकानात आयतं मिळायला लागलं म्हणून. आयतं मिळतं म्हणून माणूस काय काय सोडून देतो!

मग काय विचारता, रोज नाश्ता झाला की मी तळघरात. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाच्या पिंपात घालायच्या, ते पिंप तासन्तास फिरत ठेवायचं, खळखळखळखळ! वरून व्हर्ना ओरडणार, "ऑर्व्हिल, बशा नाचतायत माझ्या कपाटात!" नाचू देत. पुंगळ्या बाहेर आल्या की अशा सोन्यासारख्या! मग बुडाला नवी टोपी बसवायची, मग दारू, म्हणजे बंदुकीची, इवल्याशा काट्यावर तोलून. श्वास रोखायचा, कारण नाकातून वारा सुटला तरी काटा हलतो. मग वर गोळी, आणि दांडा खाली. खट्! झालं एक. दिवसाला दहा करायचो, फार नाही. घाई करायचीच नाही यात. मी इतका शांत झालो, इतका शांत झालो, की व्हर्नानं डॉक्टरला फोन केला.

आता यात एक नियम आहे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही! का? कारण तो तोलत असताना त्याला शिंक आली होती का, बायकोनं हाक मारली होती का, तुम्हाला काय माहीत? दारू दुप्पट पडली तर रायफल फुटते हो, ऐन तोंडासमोर. बाबांनी हा नियम मला दहाव्या वर्षी शिकवला, आणि मी गेली चाळीस वर्षं तो भेटेल त्याला सांगत आलोय, कॉफीवर, चर्चच्या पायरीवर, एकदा तर मयताला.

पण डेल्मर काय दुसरा आहे? त्याची आणि माझी रायफल एकाच दिवशी घेतलेली, एकाच मापाची. पाय मोडला तेव्हा या माणसाला मी पाठुंगळीला घेऊन डोंगर उतरलोय, चार मैल, आणि सबंध वाट तो माझ्या कानाशी म्हणतोय, "सावकाश, ऑर्व्ह, सावकाश." पूर्वी दरवर्षी मी त्याला वीस काडतुसांचा डबा द्यायचो. म्हणून गेल्या वर्षीही दिला. डब्यावर माझ्या अक्षरात तारीख. आणि म्हटलं, "डेल्मर, रिकाम्या पुंगळ्या परत दे हं, पुन्हा भरता येतात." तो गहिवरला. "ऑर्व्ह," म्हणाला, "देवासारखा धावून आलास बघ. माझ्याकडे एक काडतूस नव्हतं रे, शपथेवर." शपथेवर! लक्षात ठेवा.

फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. हल्ली दिसत नाही मला धड, माझ्या हातचं कुठलं आणि दुकानातलं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक काडतुसाच्या बुडाला व्हर्नाचं लाल नेलपॉलिश लावलेलं. पक्कं बसतं ते, बार उडाला तरी जात नाही.

ऑक्टोबरात गेलो डोंगरात. तिसऱ्या दिवशी सकाळी डेल्मरनं असला एल्क पाडला, असला, की बस! एका गोळीत! तीनशे पावलांवरून! मी तर नाचलो हो बर्फात. गावात आल्यावर कॉफीच्या दुकानात प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगितलं, "गोळी माझ्या हातची! दारू मी तोलली!" डेल्मर बाजूला बसून चेरी-पाय खातोय आणि मान हलवतोय. "होय होय, ऑर्व्हच्याच हातची." मान हलवतोय!

आठवड्यानं आला घरी, पिशवी घेऊन. "घे तुझ्या पुंगळ्या. सराव केला, एल्क मारला, वीसच्या वीस उडवल्या. काय काडतुसं केलीस रे, लोण्यासारखी!" पिशवी टेबलावर ओतली. मी चष्मा लावला. एक उचलली. लाल नाही. दुसरी. लाल नाही. तिसरी... वीसच्या वीस, बोडक्या!

मी म्हटलं, "व्हर्ना, नेलपॉलिश पुसलं जातं का गं आपोआप?" तर तिनं काय म्हणावं? म्हणते, "अगं बाई, यंदा खूण केली होतीस?" यंदा! म्हणजे? म्हणजे हा माझी काडतुसं वापरतच नाही हे हिला ठाऊक! "डेल्मरच्या बायकोनं कधीच सांगितलंय मला," म्हणते, "आपलं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी." अहो, आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली! अडतीस वर्षं माझ्या उशाला डोकं ठेवून झोपते ही बाई आणि एका शब्दानं... पण मी चिडलेलो नाही.

डेल्मर एव्हाना दाराकडं सरकत होता. मी म्हटलं, "चल. तुझ्या घरी चल. दाखव." नेलं त्यानं गराजमध्ये. कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आणि आत माझे डबे! सगळे! एकावर एक, वर्षवार लावलेले, माझ्या अक्षरातल्या तारखा. एकाचंही झाकण उघडलेलं नाही. आणि खालच्या खणात? दुकानातल्या काडतुसांचे नऊ डबे! नवेकोरे! मी इकडं सबंध वायोमिंग धुंडाळतोय, आणि हा शपथेवर सांगतोय एक काडतूस नाही म्हणून!

"डेल्मर," म्हटलं, "तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे. तुझ्या मृत्युपत्रावर सही माझी. माझ्या पाठीवर बसून डोंगर उतरलास. आणि माझ्या हातावर तुझा विश्वास नाही?" वाईट वाटलं हो मला. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

तो टोपी फिरवत उभा. "विश्वासाचं नाही रे," म्हणाला, "तूच सांगितलं होतंस. पहिल्याच वर्षी. डबा माझ्या हातात दिलास आणि त्याच दमात तो तुझ्या बाबांचा नियम ऐकवलास. मला वाटलं तू परीक्षा घेतोयस."

"मग परत का नाही दिलेस? फेकून का नाही दिलेस?"

"तुझ्या हातचं फेकू?" म्हणाला. "आणि यंदा तू तळघरातून वर यायचास तेव्हा तुझं तोंड बघितलंयस का आरशात? पंधरा वर्षांत इतका खुशीत पाहिला नव्हता तुला. त्यात मी कुठं सांगू की माझ्याकडे नऊ डबे आहेत?"

आलो घरी. तीन आठवडे बोललो नाही त्याच्याशी. थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याच्याकडचं टर्की खाल्लं, पण बोललो नाही.

आणि मग आला नाताळ. डेल्मर दारात, बगलेत खोकं. "ऑर्व्ह," म्हणतो, "तू एवढा रमतोस त्यात, म्हटलं बघू तरी काय आहे. मीही प्रेस घेतला. आणि काय सांगू रे, तो खट् आवाज! वेड लागलंय मला. हे घे, माझ्या हातची पहिली वीस. तुझ्यासाठी." आणि डोळे ओले झालेले त्याचे! डबा हातात घेतला मी. हा माणूस चहात साखर किती घातली ते विसरून तीनदा घालतो हो! मी व्हर्नाकडं बघितलं. व्हर्ना छताकडं बघत होती. मी म्हटलं, "वा, डेल्मर! देवासारखा धावून आलास बघ."

तो डबा आमच्या तळघरात वरच्या फळीवर आहे. झाकण न उघडता. नियम म्हणजे नियम.

या ऑक्टोबरात मी एल्क मारला, माझ्या हातच्या काडतुसानं, आणि डेल्मरनं गावभर सांगितलं, "गोळी माझ्या हातची!" कॉफीच्या दुकानात प्रत्येक टेबलाशी. मी चेरी-पाय खात होतो आणि मान हलवत होतो. दुसरं काय करणार? आणि निघताना म्हणतो कसा, "ऑर्व्ह, रिकाम्या पुंगळ्या रविवारी आणून दे हं. वीसच्या वीस. आणि मीही खूण करून ठेवलीय बुडाला. आमच्या हिचं निळं."

काल दिवसभर बसून माझ्या वीस पुंगळ्यांवरचं लाल पुसलंय, व्हर्नाच्या नखं पुसायच्या औषधाची अख्खी बाटली संपली. आता नुसतं निळं लावायचं राहिलंय. डबा तर उघडायचा नाही, म्हणून डेल्मरच्या बायकोची नखं आठवून रंग शोधतोय. नाही, चिडलेलो नाही मी. फक्त तुम्ही जाणकार दिसता म्हणून विचारतो, ताई... हा मधला रंग वाळल्यावर गडद होतो का हो?