ओ निगेटिव्हची ओळ

कॉलेजात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्यांनी ही एक गोष्ट आम्हाला का सांगितली नाही, ते मला अजून कळलेलं नाही. टेबलातल्या रकान्याचा मथळा दाबला की पडद्यावर नावं वर-खाली होतात, पण आतल्या यादीत ती जागची हलत नाहीत. पडद्यावर तिसरा दिसणारा माणूस आत तिसरा असेलच असं नाही.

घमापुरातल्या आमच्या रक्तदात्यांच्या गटासाठी यादीचं सॉफ्टवेअर मीच हौसेनं केलं होतं. एका दुपारी सिहोऱ्याहून आणलेल्या बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. आमच्या जोशीकाकूंनी यादी रक्तगटाप्रमाणे लावली, ओळ निवडली आणि खाली आलेल्या नंबरावर 'रक्त हवंय, लगेच या' एवढाच फोन केला. खमरियाहून माणूस अर्ध्या तासात दवाखान्यात हजर. तपासलं, तर बी पॉझिटिव्ह.

मी दवाखान्यातूनच काकूंना फोन लावला. "काकू, कोणती ओळ दाबली तुम्ही?"

"काहून? ओ निगेटिव्हचीच दाबली. नंबर तुझ्या मशीननं दिला."

काकूंनी दाबलेली ओळ पडद्यावरची होती, आणि माझा प्रोग्राम नंबर देत होता आतल्या यादीतल्या त्याच क्रमांकाच्या माणसाचा. बाईचा नवरा सारखा विचारून राहिला होता, "भैया, और कितनी देर?"

काकूंनी जुन्या वहीतून खरा दाता शोधला. तो गढ्याला राहणारा, गाडी नसलेला. म्हणाला, रिक्षा मिळाली की निघतो.

खमरियाच्या माणसाची मी माफी मागायला लागलो, तर तो हेल्मेट चढवत म्हणाला, "माफी मग माग जी. पत्ता सांग, मी आणतो त्याला."