ठसकाताईंचं मत

नाही नाही, झोपलेली नाहीये — म्हणजे — तुम्ही आधी बसा बघू, ताई. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे. गावभरचे पंखे नि मिक्सर दुरुस्त करतो मी, पण घरचा स्टूल काही होत नाही माझ्याच्याने! इथे खुर्चीवर बसा. हो, मीच मुलगा. एकुलता एक. तुम्हाला मी लगेच ओळखलं बरं का — फोटो कधी पाहिला नव्हता, पण पाऊल टाकता टाकता म्हणालात ना, 'किती छान दुकान आहे' — या असल्या दुकानाला छान म्हणणारी म्हणजे साखरताईच, दुसरी कोण असणार? त्या फोनवरच्या तुमच्या कट्ट्यावर मालिका कितीही भिकार निघो, कादंबरी कितीही रटाळ असो, कुणाचा केक करपलेला असो, तुमचं आपलं 'छान', 'गोड', 'डोळ्यांत पाणी आलं'. आणि आईचं नेमकं उलटं. म्हणून तर तुम्हा मंडळींनी तिला ठसकाताई करून टाकलं.

मला माहितीये तुम्ही कशाला आलात. आज मालिकेचा शेवटचा भाग, सगळे कट्टेकरी तुमच्याकडे जमणार, टीव्हीसमोरची मधली खुर्ची ठसकाताईंची — वाचलंय मी सगळं. गुडघे दुखतायत म्हणून लिहिलं, ताप आहे म्हणून लिहिलं, आणि तापाचं ऐकल्यावर तर तुम्ही टॅक्सी करून दारात हजर! हे काय आहे डब्यात — सूप? तिच्यासाठी? अरे देवा. ठेवा खाली, ठेवा.

आई नाहीये, ताई. गेली ती. थंडी पडायच्या आधीच गेली. झोपेत — चष्मा नाकावर तसाच, पुस्तक पोटावर पालथं — त्रास काही झाला नाही तिला. अहो, उठू नका, बसून राहा, घोटभर पाणी घ्या. कळतंय मला, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते — की परवाच तर ठसकाताईंनी लिहिलं, त्या जाडजूड कादंबरीबद्दल, की पहिली शंभर पानं बरणीवर वजन म्हणून ठेवावीत आणि तिथून पुढे वाचावं. ते मी लिहिलं, ताई. त्याआधीचंही मीच. त्या कॉफीच्या जागेबद्दल लिहिलेलं — कप एवढा मोठा की तळाशी कॉफी शोधायला उतरावं लागतं — तेही मीच. आयुष्यात शाळेचं पुस्तक सोडून दुसरं उघडलं नव्हतं मी, आणि आता तिचा चष्मा लावून कादंबऱ्या वाचत बसतो. हसू नका. हसा, हसा, हसलात तर बरंच वाटेल मला.

रागवा हवं तर. फसवलंच की मी तुम्हाला. पण मुद्दाम नाही हो. त्याचं काय झालं — ती गेली, माणसं आली-गेली, घर रिकामं झालं, आणि संध्याकाळी मालिकेच्या वेळेला उशीजवळचा तिचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, थांबेचना. 'ठसकाताई, आज गप्प का?' — कुणीतरी. 'ताई, तुम्ही बोलल्याशिवाय मालिका अळणी लागते' — हे तुमचं. मी लिहायला घेतलं की अमुकतमुक यांचं दुःखद निधन झालं — लिहिलंही तेवढं — आणि बोट पुढे जाईना. इकडे सगळे 'होती' म्हणायला लागलेले — होती, होती, चांगली होती — आणि तिथे लोक तिला हाक मारत होते. रोजच्यासारखी. हाक मारणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी टीव्ही लावला, पाच मिनिटं बघितलं, आणि जे तोंडात आलं ते लिहून टाकलं. धडाधड हसण्याची चित्रं आली तुमची. त्या रात्री मला झोप लागली, ताई. खरं सांगतो, तेव्हापासून पहिल्यांदा.

आणि एक गंमत सांगू? कुणालाच शंका आली नाही. एकालाही नाही! मला रोज धाकधूक, आज पकडला जाणार, आज कुणीतरी म्हणणार की ठसकाताई असं बोलत नसत. तिची जुनी मतं वाचून नक्कल केली असं समजू नका. मागचं मी कधी वाचलंच नाही. बोट वर सरकवलं की तिचे शब्द येणार — हिंमतच व्हायची नाही. मला वाटायचं, असेल बुवा, रक्ताचा गुण. नाहीतर आमचं दोघांचं बोलणं ते काय! बाबा गेल्यापासून घरात बोलायची सवयच मोडली. गिऱ्हाइकाशी मी दोन वाक्यं बोलतो — 'कॉइल गेलीय' आणि 'उद्या या'. घरी तेवढीही नाहीत. मी स्वयंपाक करायचो, ती जेवायची, मीठ कमी का जास्त — ब्र नाही. फक्त ती मालिका लागली की माझं डोकं फिरायचं. हातात पळी घेऊन दारात उभा राहायचो आणि टीव्हीतल्या माणसांना शिव्या हासडायचो. ती बिचारी मुकाट्याने टीव्हीचा आवाज बारीक करायची. माझ्यावर वैतागून, दुसरं काय.

काय म्हणालात? कठडा? हां, तो जिन्याचा — 'एवढा मोठा बंगला, आठवड्याला एक माणूस जिन्यावरून पडतो, स्मृती जाते, पण कठडा लावायला यांना सुतार मिळेना.' अजून हसता तुम्ही त्यावर? सगळ्या कट्ट्यावर पाठ आहे? असेल, बरं जमलं होतं ते.

थांबा. कधीचं म्हणालात? गेल्या वर्षीचं? नाही, काहीतरी चुकतंय तुमचं — गेल्या वर्षी कसं असेल, गेल्या वर्षी आई होती. आईने लिहिलं होतं ते? नक्की?

अहो, ते माझं वाक्य आहे. त्या दारात उभा राहून मी बोललो होतो, भाजी लागली होती तिकडे तळाला, आणि ती मान खाली घालून फोनवर काहीतरी टिपत होती. मला वाटलं, लक्षच नाही हिचं. आणखी कोणती? आठवतील ती सांगा. 'हिला रडायचं असलं की आधी केस नीट करून येते' — माझं. 'हा डॉक्टर आहे की पोस्टमन, नुसत्या बातम्या देतो' — माझंच. म्हणजे सगळी? म्हणजे तुम्ही कोणाला ठसकाताई म्हणत होता इतकी वर्षं?

नाही, बोला ना. ठीक आहे मी. तुम्हाला फोन करायची ती? कधीतरी एखादा, दुपारचा? मी इथे खाली दुकानात असायचो तेव्हा. काय म्हणायची? ...मालिका आवडत नाही? अजिबात नाही? मग रोज कशाला —

परत सांगा. तिने जसं सांगितलं तसंच सांगा, तुमचं 'छान' वगैरे लावू नका.

'ती लागली की मुलगा बोलतो.'

एवढंच? बरं. तरीच आवाज बारीक करायची. ऐकायला म्हणून करत होती होय. आणि मी मेला, एकदा साधं विचारलं नाही की आई, मीठ बरोबर आहे का. शेजारी बसलो नाही एक दिवस. दारातच उभा.

तुम्ही आता निघा, ताई. टॅक्सीवाला किती वेळ थांबेल? सगळ्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं. मी? नाही हो, मी येऊन काय करू त्या मधल्या खुर्चीत? कट्ट्यावर लिहीत राहा म्हणता — कुणाला ऐकवायला? शेवटचा भाग नाही बघणार मी. टीव्हीसमोर बसायची सवय नाही मला, मी दारात उभा राहणारा माणूस आहे, आणि त्याला आत कोणीतरी लागतं. रडू नका. साखरताईंनी रडायचं ते मालिकेत. सूप राहू दे, पितो मी, डबा नंतर पोचवीन.

निघा. शटर अर्धं ओढलंय, डोकं सांभाळा.