खोतांनी बांध कसा अडवला

मंडळी, एक सांगा. नुसतं सांगून काम होतं का? देवानं दोन हात दिले, ते काय फक्त दाखवायला — "हे इकडे ठेव, ते तिकडे ने"? हसू नका पहिल्या रांगेतले, तुमच्याकडेच बघून म्हणतोय!

ऐका. खाडीकाठी एक दाजिबा खोत होते. जन्मात कुदळ धरली नाही, पण तोंड — अहाहा! बायकोनं, वेणूबाईंनी, भाकरी थापली की हे पाटावरून सांगणार, "डावीकडून जाड झाली."

एकदा काय झालं? भात पोटरीला आलेलं, आणि खेकड्यांनी पोखरलेला बांध फुटला! त्यात भरती चढत होती. खारं पाणी शेतात शिरलं की वर्षाचं भात गेलंच. वेणूबाई आणि गडी झिपरू चिखलात उतरले. हातांनी थापताहेत, पायांनी तुडवताहेत. आणि खोत? बांधावर, छत्री उघडून!

"झिपऱ्या, तिथं नाही रे, इथं!"

"खोतानू, चिखल रवत नाय, पाण्याबरोबर जाता. तुमी खाली येवा."

"मी उतरलो तर सांगणार कोण?"

असं म्हणत जागा दाखवायला वाकले — आणि धप्प! थेट भगदाडात! देह असा चपखल बसला, की पाणी थांबलं! खोत उठायला लागले.

"उठू नका," वेणूबाई म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा कामाच्या जागी पडलात."

पाठीला गार पाणी, खाली खेकडे! काय करतील बिचारे? बसल्या बसल्या चिखल ओढून स्वतःभोवती थापू लागले. ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता, भात वाचलं होतं. तिघांचे हात वर होत नव्हते. खोत रडवेले होऊन म्हणाले, "अगं, चिखल एवढा जड असतो होय?"

आपला विसू बोटीवर असतो ना, तो सांगतो — चीनमध्ये कँटनकडची माणसं म्हणतात, 'लोक साऊ, लोक गॉक'. म्हणजे हात उतरव, पाय उतरव. स्वतः कामाला लाग. आमचे खोत तर अख्खेच उतरले!

आता तुमचं बघू. उद्या देवळामागची विहीर उपसायची आहे. कोण कोण येणार? वा, केवढे हात वर झाले! विठ्ठल तुमचं भलं करो. पण मंडळी, गाळ खाली आहे.