निकालातली लेक

माजं म्हायेर आंबवड्याचं, आन् दिली वेल्ह्याकडं, डोंगरात, जितं येष्टी दिसातनं एकदा यायची आन् उन्हाळ्यात दोन घागरींसाठी कोसभर चालायचं. आमी दोघी बहिनी. थोरली अक्का कापूरहोळला, दाजींचं हायवेला पंक्चरचं दुकान. अक्काला लेकरू न्हाई. बारा वर्सं नवस केले तिनं, काय सांगू तुमाला ताई, एक देव सोडला न्हाई.

मला दोन, थोरली पोरगी, धाकटा पोरगा. बायांची जागा निघाली तवा गावानं मला उभी केली आन् म्या सरपंच झाले. सही तेवढी येत हुती. पन ठरवलं, आपन एकच काम करायचं, वाडीला नळ. झऱ्यापासनं पाइप यायचा हुता, निम्मा चर खांदून झाला आन् मला तिसऱ्यांदा दिवस गेले. कायदाच तसा, दोनाच्या वर पोर झालं की खुर्ची सोडायची. कुनी म्हनलं पाडून टाक. म्या म्हनलं, गप बसा, पोट माजं हाय.

मंग वाडीतल्याच एका शहान्यानं सांगितलं, पोर दत्तक दिलं की मोजत न्हाईत. आन् अक्का हुतीच. खरं सांगते, अक्कासाठी दिली का पाइपासाठी, माजं मलाच अजून उमगलं न्हाई. सव्वा महिन्याची हुती. अक्काची ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण, आन् त्यावर पोर ठेवली. अक्का रडली. मी न्हाई रडले. दुधानं पदर भिजला, तेवढंच.

तरी खुर्ची गेली. विरोधातल्यांनी पुन्याला अर्ज केला, कलेक्टर सायबानं मला काढली. वकील म्हनले, मुंबईला हायकोर्टात जाऊ, हा कायदाच घटनेत बसत न्हाई म्हनू, कोर्टाला तो रद्द करता येतो. म्या म्हनलं, आवो, सरकारनं केलेला कायदा? व्हय म्हनले, घटना सरकारच्या बी वर. लई बरं वाटलं, सरकारच्या वर बी काय तरी हाय म्हनून. निकालाला मी नवी साडी नेसून गेले. जजसायेब इंग्रजीत बोलले, वकिलांनी भाईर येऊन समजावलं. पोरं किती व्हावी ती तुमची मर्जी, पन निवडून यायचा हक्क काय घटनेतला मूलभूत न्हाई, तो कायद्यानं दिलेला, मंग कायदा त्याला अट घालनारच. म्या इचारलं, आन् दत्तकाचं? तर म्हनले, कोर्ट म्हनतंय, दुसऱ्याला दिली म्हनून तुमी जल्म दिलेला पुसला जात न्हाई, ती तुमचीच तिसरी.

बरोबरच्यांची तोंडं उतरली. वकील म्हनले, वैनी, हरलो. आन् माजं काळीज सुपायेवढं झालेलं. म्या म्हनलं, पुन्यांदा सांगा. ते म्हनले, ती तुमचीच.

घरी हे म्हनले, खुर्ची गेली, आता पोर तरी घेऊन ये. गेले कापूरहोळला. दोन वर्साची झाली हुती, मला बघून अक्काच्या मागं लपली. अक्कानं तिची झबली, फराकं पिशवीत भरली, पिशवी माज्यापुढं ठेवली, म्हनली, कोर्ट म्हनतंय तर ने. ओटीत घातलेलं कुनी मागं घेतं का ताई? म्या पिशवी आत नेऊन ठेवली, चा पिले, येष्टी धरली. कात्रीसारखं कापत गेलं आतनं, पार घरापातुर.

नळ आला. विरोधातल्यांच्या हातनं आला, पन आला. नावं ठेवायची न्हाईत पान्याला.

आता ती दुसरीत हाय. शाळेत आईच्या जागी अक्काचं नाव, रेशनकार्डावर अक्काचं, दत्तकाच्या कागदावर अक्काचं. त्या निकालाची नक्कल माज्या ट्रंकंत हाय. इंग्रजी मला वाचता येत न्हाई, पन माजी तिसरी कुठं ल्हिलीय ते वकिलांकडनं दाखवून घेतलं आन् तितं हळदीचं बोट लावून ठेवलंय. सगळ्या जगात त्या एका कागदावर मी तिची आई. मंग कोर्टाला काय म्हनून शिव्या देऊ?

सुट्टीत येती, मावशे मावशे करती. अक्काला देव लई आविष्य देवो, तिनं फुलावानी वाढवलीय. परवा नळाला तोंड लावून पानी पीत हुती, म्हनली, मावशे, तुमच्या पान्याला लई गोडी हाय गं. म्या म्हनलं, पी बाय, पोटभर पी. तुजंच हाय ते.